हिरामण आबांचा धावदोरा

नवा माणूस भेटला की लोक त्याचं गाव विचारतात, जात विचारतात, हळूच पगार विचारतात. हिरामण आबांनी मला यातलं काहीच विचारलं नाही. त्यांनी पुढे होऊन माझ्या सदऱ्याचं वरचं बटण काढलं, काज डोळ्यांजवळ नेलं आणि गंभीरपणे म्हणाले, "हाई काज कोणी करं?"

मी म्हटलं, नाशिकच्या शिंप्यानं.

"त्याले सांगजा, शेती कर."

कोरीटच्या शाळेवर मास्तर म्हणून मी नुकताच आलो होतो आणि आबांच्या ओट्यालगतची खोली मला राहायला मिळाली होती. पहिल्या लढाईला बरीच वर्षं होऊन गेली होती आणि दुसरी अजून सुरू व्हायची होती, त्या मधल्या काळातली ही गोष्ट. आबा म्हणजे दारातून वाकून आत यावं लागेल असा गडी. मिशा कानापर्यंत. तरुणपणी नंदुरबारच्या कुस्त्यांत त्यांनी भल्याभल्यांची पाठ मातीला लावलेली. असा माणूस रोज संध्याकाळी ओट्यावर मांडी घालून, नाकावर चष्मा ठेवून, रुमालावर गुलाबाची पाकळी भरायचा. भोवती गावातली मंडळी बिड्या ओढत कपाशीच्या भावाची चर्चा करत. हसायची कुणाची छाती नव्हती. जुन्या कुस्त्या सगळ्यांच्या लक्षात होत्या.

आबा हे शिकले कुठे, यावर गावात दोन मतं होती. तापीकाठच्या गुजर बायकांमध्ये बसून शिकले, हे एक. दुसरं असं की लढाईत ते खेचरांच्या पलटणीबरोबर इराकात बसऱ्याला गेले होते, तिथे पाय मोडून महिनोन्‌महिने दवाखान्यात पडले आणि तिथल्या मडमेनं सगळ्या जखमी लोकांच्या हातात सुईदोरा दिला. मी विचारलं तेव्हा आबांनी दोन्ही खरं असल्याचं सांगितलं. टाका मडमेचा, आरसे लावणं गुजर बायकांचं. "मडम सांगे, हात चालू ऱ्हायनात का डोकं गप ऱ्हास," एवढंच ते त्या दिवसांबद्दल बोलले. मग थोड्या वेळानं म्हणाले की त्या दवाखान्याभोवती नुसती वाळू होती, हिरवं म्हणून काही नव्हतं. घरी गेलो तर अंगणात फुलंच फुलं लावीन, असं त्यांनी तिथे ठरवलं होतं.

ते त्यांनी केलंही. कपाशी आणि मिरचीशिवाय जमिनीतून दुसरं काही उगवू नये अशी ज्या गावाची श्रद्धा, तिथे आबांचं अंगण म्हणजे एक भरतकामाचा नमुनाच होता. उन्हाळ्यात ते दोरी आणि राख घेऊन अंगणात उतरत. दोरीनं वाफे आखत, राखेच्या रेघा ओढत, ओट्यावर येऊन डोळे बारीक करून पाहत आणि परत जाऊन पायानं सगळं पुसून टाकत. महिना महिना हे चाले. कुणी घाई केली की ठरलेलं उत्तर यायचं, "पहिले धावदोरा, मंग टीप." आधी कच्चा दोरा घालून बघावं, जमलं तरच पक्की शिलाई मारावी. हे तत्त्व ते बागेला लावत, भांडणाला लावत, एकदा तर सरपणाच्या सौद्यालाही लावताना मी ऐकलं.

या आखणीच्या आड एकच गोष्ट यायची. त्यांच्या बायकोची मिरची. भागाजिजी अंगाने किरकोळ आणि आवाजाने दांडग्या. नेमक्या आखलेल्या वाफ्यांवर त्या मिरची वाळत घालायच्या. आबांचं म्हणणं, मिरचीचा लाल रंग तेरड्याच्या गुलाबीशेजारी डोळ्यांना बोचतो. जिजींचं म्हणणं, तेरडा उपटा.

"फुलेसनी भाजी व्हस का?" त्या विचारायच्या. आणि आबांच्या हातात सुई दिसली की दुसरा प्रश्न, "आठे बायको मी शे का तुम्ही शेतस?"

आबा उत्तर देत नसत. त्यांच्या तोंडात दोरा असायचा.

एका वेळी एक काम हाती घ्यावं हे त्यांना ठाऊकच नव्हतं. ओट्यावर रुमाल, गाडीत बैलाची झूल, शेतातल्या माळ्यावर मण्यांचं तोरण, आणि न्हाव्याकडे एक अर्धी पिशवी कायमची ठेवलेली, दाढीच्या नंबराला बसावं लागलं तर. त्यामुळे त्यांच्या सुया गावभर पसरलेल्या असत. त्यांच्या खाटेवर नीट पाहिल्याशिवाय कुणी बसत नसे. मी पहिल्या आठवड्यात बसलो होतो. पुन्हा बसलो नाही.

पोळ्याला त्यांनी बैलांवर आरसे लावलेल्या झुली घातल्या. ऊन पडल्यावर त्या अशा झळकल्या की मागून येणारी पाटलांची जोडी बुजली आणि वाजंत्र्यांना घेऊन थेट ओढ्यात गेली. पाटील महिनाभर बोलले नाहीत. आबा मात्र समाधानी होते. आरसे पक्के बसले होते, एकही निखळला नव्हता.

पुतण्यासाठी मुलगी पाहायला लोणखेड्याला गेले, तेव्हा मलाही बरोबर नेलं. मुलीनं भरलेला म्हणून एक पोपट आणून दाखवण्यात आला. आबांनी तो उलटा केला. समोरची बाजू कुणीही सजवतं, काम मागून बघावं, असं त्यांचं मत. मागची बाजू समोरच्याइतकीच साफ होती. त्यांनी मुलीचे हात पाहिले, पुन्हा पोपट पाहिला आणि म्हणाले, "पोरी, हाई पोपट तुन्हा नही." मुलीचा बाप घाबरला. मुलगी खुदकन हसली आणि म्हणाली, मावशीचा आहे, मला सुई धरता येत नाही. आबांनी तिथल्या तिथे सुपारी फोडायला सांगितली. खोटं बोलत नाही, बाकीचं आपण शिकवू, असं म्हणाले. ती सून पुढे त्यांच्याकडून काहीएक शिकली नाही, पण नांदली छान.

मग एका पावसाळ्यात आबांनी बाग उपटली.

तेरडा, झेंडू, गुलबक्षी, कोंबडा, सगळं मुळासकट. वर्षानुवर्षं जुळवलेले रंग एका सकाळी उकिरड्यावर पडले. मग दोरी नाही, राख नाही, त्यांनी सरळ रोपं लावायला सुरुवात केली, आणि तीही अशी की पाहणाऱ्यानं कपाळाला हात लावावा. स्वयंपाकघराच्या दारापासून रांजणापर्यंत दोन्हीकडे सब्जा. रांजणाकडे वळायच्या जागी मरवा. गोठ्याच्या तोंडाशी गवती चहाचं मोठं बेट. ना रंग, ना आकार. पायवाटेत इतकं घुसलेलं की येताजाता धोतराला घासायचं. मी एखाददुसरं फूल तरी सुचवलं. फूल रोज येईलच असं नाही, पान रोज असतं, असं काहीसं पुटपुटून ते पुढच्या रोपाकडे गेले.

भरतकामाचंही तेच. रुमाल बाजूला पडले आणि आबा स्वयंपाकघरातल्या डब्यांना झाकणं विणू लागले. कुठल्यावर जाड गाठींची फुली, कुठल्यावर गाठींचं वर्तुळ. मिठाच्या डब्याला टोपडं घालणारा पहिलवान म्हणून गावाला नवा विषय मिळाला. आबांचं डोकं फिरलं, यावर हळूहळू एकमत झालं.

भागाजिजींनी बागेवरून आकाशपाताळ एक केलं. अंगण उजाड केलं, म्हणून त्या दिवसभर बोलत होत्या. आबा ऐकून घेत होते.

एका सकाळी मी अंगणात कडुनिंबाला टेकून दात घासत होतो. जिजी घागर घेऊन बाहेर आल्या. एरवी त्या कुणाला टोकल्याशिवाय पुढे जात नसत, आणि माझ्या उशिरा उठण्यावर तर रोज एक वाक्य ठरलेलं. त्या दिवशी माझ्या अगदी जवळून गेल्या आणि काही बोलल्या नाहीत. लुगड्याचा काठ सब्जाला घासत होता. पुढे त्या थबकल्या, वाकून मरव्याला बोटं लावली, बोटं नाकाशी नेली आणि बरोबर रांजणाकडे वळल्या.

मी वळून पाहिलं. ओट्यावरून आबा माझ्याकडे पाहत होते. त्यांनी तोंडावर बोट ठेवलं.

नंतर शेतात त्यांनी सांगितलं. धुळ्याच्या डॉक्टरांनी बाग उपटण्याच्या आधीच सांगितलं होतं की जिजींचा एक डोळा गेला, हा मोतीबिंदू नव्हे, उपाय नाही, दुसराही जाऊ शकतो. घरी आल्यावर जिजींनी जाहीर केलं की दुसरा ठणठणीत आहे, आणि तो विषय पुन्हा काढायचा नाही. मुलगा रामदास धुळ्याला कचेरीत नोकरीला. त्याला कळलं तर तो आईला घेऊन जाईल आणि दुसऱ्याच्या चुलीसमोर बसवून ठेवील, ही तिला धास्ती.

"तिले वाटस, माले मालूम नही," आबा म्हणाले. "वाटू द्या."

पण गावाची तोंडं बंद नव्हती. आबांना वेड लागल्याची बातमी धुळ्यापर्यंत गेली आणि दिवाळीच्या सुमारास रामदास दोघांनाही घेऊन जायला येऊन थडकला. ओट्यावर बसला, उजाड अंगण पाहिलं, मान हलवली आणि आईकडे पाणी मागितलं.

आबांची सुई थांबली. मी पाणी आणायला उठलो, त्यांनी माझा हात धरून बसवलं.

जिजी तांब्या घेऊन निघाल्या. सब्जामधून गेल्या, मरव्याशी वळल्या, रांजणातून पाणी घेतलं आणि न अडखळता परत आल्या. रामदास काही बोलत होता, त्या आवाजाकडे त्यांनी तांब्या पुढे केला आणि म्हणाल्या, "किती वायी गया रे भाऊ."

रामदासला धुळ्यात चांगलं पोट सुटलं होतं. पण मुलगा वाळला असं सगळ्याच आया म्हणतात, म्हणून त्याला काही वाटलं नाही. आई अजून खंबीर आहे, तेव्हा आबांचं तीच बघेल, असं ठरवून तो दोन दिवसांनी एकटाच परत गेला. जाताना मला म्हणाला, मास्तर, आबांवर लक्ष ठेवा.

त्यानंतर पुष्कळ दिवसांनी, आबा शेतात गेलेले असताना, जिजींनी मला स्वयंपाकघराच्या दाराशी बोलावलं. आवाज एकदम हळू. माझं तोंड कुठे आहे याचा अंदाज घेत त्या म्हणाल्या, "मास्तर, आते ते काय भरी ऱ्हायनात?"

मी सांगितलं, उशीच्या अभ्र्यावर हत्ती.

"कोणता रंग शे?"

हिरवा, मी म्हटलं. करडा दोरा संपला असावा.

त्यांनी ते लक्षपूर्वक ऐकलं. सोंड कुठल्या बाजूला आहे, तेही विचारून घेतलं. मी काही विचारायच्या आत त्याच म्हणाल्या, "मी नाव नही ठेवं, तर तेसले संशय येई."

संध्याकाळी आबा ओट्यावर बसले. मंडळी जमली, बिड्या पेटल्या. आतून जिजींचा दांडगा आवाज आला.

"हिरवा हत्ती कोणी देखेल शे? आणि सोंड ती कोणीकडे!"

मंडळी हसली. आबांनी अभ्रा गुडघ्यावर ताणला, मिशीतल्या मिशीत हसले आणि सुईत आणखी हिरवा दोरा ओवला.