कृतीतून इंग्रजी

सार्वजनिक बागेतील सर्व कर्मचाऱ्यांनी तीन महिन्यांत इंग्रजी शिकावे, अन्यथा त्यांना कामावरून कमी करण्यात येईल, असे परिपत्रक निघाले. सर्व कर्मचारी म्हणजे माळीबुवा, राखणदार आणि तिकिटाच्या खिडकीतल्या मावशी. वर्ग बागेतच, सावलीत भरू लागला; शिकवायला एक बाई नेमल्या. धडा मुद्दाम पर्यावरणाचा निवडला होता. भाषेबरोबर संस्कारही उरकतात. धड्यात एक लोभी माणूस झाडे तोडतो, विहीर नासवतो, पाखरे निघून जातात आणि शेवटी तो रडतो.

माळीबुवांना पहिलंच वाक्य येईना.

"द मॅन... पुढं काय हो, बाई?"

"कट द ट्री."

"हे तोंडातून निघतच नाही. बत्तीस वर्षं झाडं लावतोय मी."

"नोकरी टिकवायचीय ना?"

"टिकवायचीय तर. घरी बसलो तर सूनबाई मला कुंडीत लावेल."

बाईंनी नियमावली काढली. नियम सातवा : क्रियापद कळत नसल्यास ते विद्यार्थ्याकडून प्रत्यक्ष करवून घ्यावे. करवत आली. माळीबुवांनी डोळे मिटून एक फांदी कापली आणि काय आश्चर्य, वाक्य जिभेवर बसलं.

तपासणीला आलेले साहेब खूश झाले. "पण धड्यात फांदी नाही, झाड आहे. अर्धवट कृतीला अर्धेच गुण."

झाड पडलं. राखणदाराच्या वाट्याला दुसरं वाक्य आलं. त्यात झाडं अनेकवचनी होती, त्यामुळे त्याला आठवडा लागला. मावशींच्या वाक्यात विहिरीत कचरा टाकायचा होता. त्या जरा अडखळल्या.

"बाई, हेच पाणी पितो की आपण."

"मग धडा संपेपर्यंत पिऊ नका."

पाखरांचं वाक्य मात्र कुणालाच शिकवावं लागलं नाही.

परीक्षा भर उन्हात झाली. साहेबांवर छत्री धरली होती. त्यांनी माळीबुवांना विचारलं, त्या माणसानं काय गमावलं? माळीबुवांनी उजाड जमिनीवरून एकदा नजर फिरवली. "एव्हरीथिंग, सर," ते म्हणाले, आणि रडू लागले. रडणं हे धड्यातलं शेवटचं वाक्य असल्यानं त्यांना न विचारता पाच गुण जादा मिळाले.

तिघेही पहिल्या श्रेणीत उत्तीर्ण झाले. पुढच्याच सोमवारी माळीबुवांच्या हाती पत्र पडलं : बाग अस्तित्वात नसल्याने माळ्याचे पद रद्द करण्यात येत आहे. पत्र इंग्रजीत होतं आणि ते त्यांनी कुणाच्याही मदतीशिवाय वाचलं. अहवालात याची नोंद 'उपक्रमाचे सर्वांत मोठे यश' अशी झाली.

आता हाच वर्ग लहान मुलांसाठी दुसऱ्या बागेत सुरू होत आहे. पालकांची रांग फाटकाबाहेर गेली आहे. बागेचं काय होणार, हे अजून एकानंही विचारलेलं नाही. मुलांचे उच्चार सुधारतील ना, एवढंच सगळे विचारतात.

आपला अर्ज मिळाला आहे. येताना मुलाच्या हाताला झेपेल अशी करवत आणावी.