होडीसाठी पिकअप पाहिजे

"उद्या संध्याकाळपर्यंत ही होडी इथून हलली नाही, तर परवा तिचं सरपण झालं म्हणून समजा!" घरमालक दारातूनच गरजले आणि निघून गेले.

टेलरमास्तरांनी मशीनवरचा पाय काढला. दुकानामागच्या अंगणातली ती होडी त्यांनी फळी न् फळी तासून स्वतः बांधली होती. ओळखीतलं कुणी हसायचं बाकी राहिलं नव्हतं. आणि आता ती पाण्याऐवजी चुलीत जाणार होती!

"जुनी पिकअप घेऊन टाकतो," ते बायकोला म्हणाले. "होडी चाकांच्या गाड्यावर आहेच. पिकअपला जोडायची आणि तलावावर न्यायची."

"घ्या, पण पारखून घ्या. मागे शिलाई मशीन म्हणून भंगार उचलून आणलं होतंत."

हे मास्तरांना झोंबलं. ट्रायल घेतल्याशिवाय त्यांनी आजवर कुणाला साधी विजारही दिली नव्हती. तोच नियम गाडीला लावायचा, असं त्यांनी ठरवलं. होडी जोडून ओढून दाखवा, मग बोलू.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली पिकअप घेऊन दूधवाला आला. "हत्ती आहे हत्ती, मास्तर!" म्हणत त्यानं होडी ऐटीत अंगणाबाहेर काढली. गल्लीच्या तोंडाशी वळताना कडाड् आवाज झाला आणि गाडीचा मागचा बंपर हुकासकट होडीपाशी राहिला.

"मागची शिवण कच्ची आहे," मास्तर हळहळले.

दूधवाला बंपर उचलून चालता झाला. होडी भर रस्त्यात. मागे हॉर्नचा नुसता गदारोळ. मास्तरांनी घाईघाईनं दुसऱ्या विक्रेत्याला, एका वीटवाल्याला, तिथंच बोलावून घेतलं. त्याच्या पिकअपनं होडी बाजारातून ओढत चढावर नेली. माथ्यावर पोचताच बॉनेटमधून धूर निघाला.

"क्लच गेला," वीटवाला डोक्याला हात लावून म्हणाला.

"कापड चांगलंय हो, पण अस्तर जळलं."

वीटवाल्यानं असं काही पाहिलं, की मास्तर चार पावलं मागे सरले आणि तिथूनच त्यांनी तिसरा फोन लावला.

तिसरी पिकअप रोपवाटिकेवाल्या बाईंची होती. रंग उडालेला, दार दोरीनं बांधलेलं. बाईंनी न बोलता होडी जोडली, मास्तर आणि होडीमागोमाग चालत आलेल्या त्यांच्या बायकोला शेजारी बसवलं आणि गाडी उतारावरून अलगद तलावाकाठी आणली. मग एका दमात मागे घेत गाडा पाण्यात उतरवला. होडी सुटली, डुलली आणि तरंगली!

"तरंगली गं, तरंगली!" मास्तर ओरडले. त्यांच्या डोळ्यांत चक्क पाणी आलं. बायकोला हात देऊन त्यांनी आत घेतलं आणि वल्ही मारली. काठावर जमलेल्या बघ्यांनी टाळ्या पिटल्या. हसणारेही त्यांत होते.

"गाडी ठरली! हीच घ्यायची," मास्तर म्हणाले.

"कशाला?"

"अगं, होडी ओढायला!"

"कुठं?"

"घरी. म्हणजे... अंगणात..."

"त्या अंगणातून तर हाकललंय तिला. होडी आता इथंच राहणार ना?"

मास्तरांचं वल्हं हवेतच थांबलं. तेवढ्यात काठावरून बाईंनी हाक मारली, "काय मास्तर, गाडी पसंत पडली का?"

मास्तर वल्ह्याशी चाळा करू लागले. दिवसभर लोकांच्या गाड्या राबवल्या आणि आता या माउलीला नाही कसं म्हणायचं? शेवटी त्यांची बायकोच होडीत उठून उभी राहिली.

"बाई, इतकी गुणी गाडी कुणी विकतं का?"

बाईंनी मागे वळून आपल्या पिकअपकडे निरखून पाहिलं. मग पदरानं तिच्या दिव्यावरचा चिखल पुसत त्या ओरडल्या, "खरंय! तुम्ही कितीही द्या, आता मी विकायची नाही!"