म्हातारीचा एक फोटो

फोटो काढणं मला कुणी शिकवू नये! उगाच बढाई मारत नाही. गेल्या सव्वीस वर्षांत मी कमीत कमी दीड लाख फोटो काढलेत आणि त्यातला एकही हललेला नाही. आता हे सगळे फोटो माणसांचे आणि आतून काढलेले आहेत, ही गोष्ट वेगळी. मी इस्पितळात एक्स-रे काढतो.

आमच्या कामात मशीनपेक्षा आवाजाला महत्त्व. काचेमागून मी एकदा म्हटलं, "श्वास आत घ्या! रोखून धरा! हलू नका!" की समोर पैलवान असो, पोलीस असो, नाहीतर आमचे मोठे डॉक्टर असोत, जागच्या जागी पुतळा! मग मी बटण दाबतो आणि म्हणतो, "सोडा." तोवर श्वास सोडायची कुणाची टाप नाही. एकदा मी मध्येच फोन घ्यायला गेलो, तर परत येईपर्यंत एक गृहस्थ निळे पडले होते. पण हलले नव्हते!

घरी मात्र हा आवाज चालत नाही. लग्नानंतर पहिल्याच वर्षी बायकोला "हलू नकोस" म्हटलं, तर ती माहेरी जाऊन राहिली.

तर या बायकोने यंदा शिडाच्या बोटीवरची सहल ठरवली. सात दिवस बोटीवर राहायचं, सकाळी फोटोग्राफीचे धडे आणि दुपारी जुन्या यॉटच्या शर्यती बघायच्या. जुन्या म्हणजे शंभर-शंभर वर्षांच्या, अख्ख्या लाकडी! तिने नाव एकटीचंच नोंदवलं होतं.

"अगं, पण तू एकटी कशी जाणार?" मी म्हणालो.

"एकटी छान जाईन," ती म्हणाली.

मी लगेच दुसऱ्या दिवशी माझं नाव नोंदवून आलो.

आता या सहलीमागचं खरं कारण सांगतो. माझे सासरे, म्हणजे बाबा, गोदीत सुतार होते. एक्केचाळीस वर्षं त्यांनी एका यॉटची डागडुजी केली. गोदीतली माणसं तिला 'म्हातारी' म्हणायची. बाबाही घरी येऊन म्हणायचे, "आज म्हातारीचं पोट तासलं", "आज म्हातारीला रंग लावला." नवी नवरी असताना सासूबाईंनी यावरून महिनाभर अबोला धरला होता, असं ऐकतो.

गंमत अशी, की या माणसाने म्हातारीला पाण्यात कधी पाहिलंच नाही! बाबांना बोट लागते. साध्या होडीत पाय ठेवला तरी मळमळून येतं. आणि शर्यत होते किनाऱ्यापासून लांब, तिथून काही दिसत नाही. त्यामुळे त्यांनी म्हातारी पाहिली ती गोदीतच, ओंडक्यांवर टेकवलेली, डोलकाठ्या उतरवलेली. आणि यंदा तिची शेवटची शर्यत होती. त्यानंतर ती संग्रहालयात जाणार, शिडं घडी घालून कायमची कपाटात.

बाबा खुब्याच्या ऑपरेशननंतर आरामखुर्चीत होते. (खुब्याचा फोटो मीच काढला होता. सुरेख आला होता.) ते लेकीला म्हणाले, "पोरी, शिडं उभारलेली म्हातारी एकदा बघायचीय. एक फोटो आण. बस्स, एकच."

ती काही बोलायच्या आत मी छाती ठोकून म्हणालो, "बाबा, फोटो मी आणणार! हा माझा शब्द!"

बायको उठली आणि आपला कॅमेरा पिशवीत भरायला लागली.

बोट छोटीच होती. झोपायची जागा कपाटाच्या खणाएवढी, स्वयंपाकाची जागा त्याहून लहान. माणसं पाच. आम्ही दोघं, बोट चालवणाऱ्या कप्तानबाई, फोटोग्राफी शिकवणारे सर आणि एक निवृत्त न्यायाधीश. न्यायाधीशांना आपला फोटो कुणी काढलेला आवडत नसे, पण दुसऱ्यांचे काढायची भारी हौस.

पहिल्या दिवशी सर म्हणाले, "आधी प्रकाश कुठून येतोय, ते बघायला शिका."

"आमच्याकडे तो मशीनमधून येतो," मी सांगितलं.

सर हसले. पहिल्या दिवशी हसले, असं म्हणूया.

तिसऱ्या दिवशी सगळ्यांचे फोटो बघायचे होते. बायकोने ओल्या दोरीचा फोटो काढला होता, कप्तानबाईंच्या भेगाळलेल्या हातांचा काढला होता. सर प्रत्येकापाशी थांबत होते. मग माझा नंबर आला. एक समुद्रपक्षी समोरून, तोच बाजूने. न्यायाधीश समोरून, न्यायाधीश बाजूने. बायको समोरून, बायको बाजूने. स्टोव्ह समोरून, स्टोव्ह बाजूने.

सरांनी बायकोला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "हे पोलिसांत आहेत का हो?"

मी मनावर घेतलं नाही. दोन बाजूंनी फोटो काढल्याशिवाय कुठल्याच गोष्टीचं निदान होत नाही, हे त्या बिचाऱ्यांना काय ठाऊक!

असं करता करता शेवटचा दिवस उजाडला. दुपारी म्हातारीची शर्यत. कप्तानबाईंनी बोट अगदी मोक्याच्या जागी आणली. पाण्यावर पिवळ्या बोयांची, म्हणजे तरंगत्या खुणांची, रांग होती. बोयांच्या अलीकडे आम्ही बघे, पलीकडे शर्यतीची वाट. भरतीचं पाणी आम्हाला सारखं पलीकडे ढकलत होतं, म्हणून कप्तानबाई एका हातातलं सुकाणू आणि दुसऱ्या हातातली शिडाची दोरी क्षणभरही सोडत नव्हत्या.

"म्हातारी एकदाच जाणार इथून," त्या म्हणाल्या. "अर्धं मिनिट मिळेल. तयार राहा."

बोटीच्या टोकाची उत्तम जागा बायकोने सकाळपासून धरून ठेवली होती. मी म्हटलं, "सरक जरा. बाबांना शब्द मी दिलाय."

"अहो, निदान आज तरी—"

"काळजीच करू नकोस! डाव्या हाताचा मळ आहे!"

ती मुकाट्याने मागे डोलकाठीपाशी जाऊन उभी राहिली. मी कॅमेरा डोळ्याला लावला.

आणि म्हातारी आली! काय सांगू तुम्हाला! पांढरीशुभ्र शिडं वाऱ्याने टम्म फुगलेली, काळंभोर अंग, वर दहा-बारा माणसांची धावपळ. तिच्या मागोमाग दुसरी यॉट, दोघींत चुरस. बाबांनी हे कधीच पाहिलं नाही, या विचाराने डोळे भरून आले. त्यात आमची बोट डुलत होती, न्यायाधीश बिस्किटाचा पुडा खडखडवत होते, सर मागून सूचना देत होते आणि माझ्या चौकटीत म्हातारी नुसती नाचत होती. एवढी हालचाल मला सव्वीस वर्षांत चालवून घ्यायची सवय नाही. तोंडातून आपोआप, अगदी पोटातून आवाज निघाला.

"श्वास आत घ्या! रोखून धरा! अजिबात हलू नका!"

आणि कुणीच हललं नाही!

सर बोलता बोलता आ वासून थिजले. न्यायाधीश बिस्किट ओठांशी धरून थिजले. आणि कप्तानबाई, हातात दोरी आणि सुकाणू तसंच धरून, गाल फुगवून, ताठ बसल्या!

मी समाधानाने बटण दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. कॅमेऱ्याच्या पडद्यावर अक्षरं आली, 'कार्ड भरले आहे'. समुद्रपक्षी, समोरून आणि बाजूने! मी घाईघाईने एकेक पक्षी पुसायला लागलो. आता फोटो निघाल्याशिवाय "सोडा" म्हणायचं नाही, हा माझा नियम. म्हणजे मी काही मुद्दाम थांबलो नव्हतो, ते डोक्यातच आलं नाही.

आमची बोट मात्र थांबली नव्हती. ती भरतीबरोबर निवांत निघाली. एक पिवळा बोया माझ्या उजवीकडून गेला. मला वाटलं, बोयाच चाललाय.

"अहो!" मागून बायको ओरडली. "त्यांना श्वास सोडा म्हणा! न्यायाधीश बघा कसे वांग्यासारखे झालेत! अहो, समोर बघा!"

मी समोर पाहिलं. समोर आकाश नव्हतं, समुद्र नव्हता. समोर फक्त म्हातारी होती.

माझी पाचावर धारण बसली. शंभर वर्षांची लाकडी बोट, तिची शेवटची शर्यत, बाबांची एक्केचाळीस वर्षं, आणि त्या सगळ्याच्या मध्ये मी! "सोडा! सोडा! सगळ्यांनी सोडा!" मी बोंबललो.

तिघांनी एकदम श्वास सोडला. कप्तानबाईंनी सुकाणूला हिसका दिला, पण बोट काय लगेच वळते? तिकडे म्हातारीवरून कुणीतरी असं काही ओरडलं, की न्यायाधीशांनी कानांवर हात ठेवले. मग तिचं सुकाणू गर्रकन फिरलं आणि ती वळली. वळता वळता अशी कलली, की शिडं पाण्याला टेकतात की काय! तिचं अख्खं पोट पाण्याबाहेर आलं आणि हातभर अंतरावरून ती आम्हाला वळसा घालून सूंऽऽ करून निघून गेली. लाटेचं पाणी आमच्या डोक्यावरून गेलं. मी डोळे गच्च मिटले होते, तेवढ्यात मागून आवाज आला. खट्. खट्. खट्.

माझ्या हुकमाला भीक न घालणारी बोटीवर एकच व्यक्ती होती आणि तिच्या हातात कॅमेरा होता.

मी डोळे उघडले. म्हातारी लांब पळत होती, ओरखडासुद्धा नाही! माझा जीव असा भांड्यात पडला, की मी तिथेच ओल्या फळीवर बसलो आणि चक्क रडलो.

कप्तानबाईंनी आधी बोट बोयांच्या अलीकडे आणली. मग माझ्यापुढे येऊन उभ्या राहिल्या. "तुम्ही नक्की करता काय?"

मी खाली मान घालून सांगितलं.

"तरीच!" त्या म्हणाल्या. "गेल्याच वर्षी छातीचा फोटो काढला मी. आवाज ऐकला आणि अंग आपोआप लाकूड झालं. मेल्या, आज तू मला बुडवणार होतास!"

शर्यतवाल्यांनी त्यांना वायरलेसवर चांगलं झापलं. त्यांनी माफी मागितली आणि परवाना थोडक्यात वाचला. म्हातारी मात्र त्या एका वळशामुळे दुसरी आली. चार सेकंदांनी!

परतीच्या वाटेवर मी बायकोला म्हटलं, "आडवं आल्याचं बाबांना सांगायचं नाही हं!"

"मी नाही सांगणार," ती म्हणाली. "तुम्ही स्वतःला सांभाळा."

घरी पोचलो तर बाबांना निकाल आधीच कळलेला. गोदीतल्या मित्रांनी फोन केला होता. "कोण तो गाढव आडवा कडमडला म्हणे! पहिली येत होती माझी म्हातारी! त्याला एकदा समोर उभा करा माझ्या!"

"अशा लोकांना बोटीवर घेतातच कसे, बाबा!" मी म्हणालो. बायकोला ठसका लागला.

मग तिने फोटो त्यांच्या हातात दिला. बाबांनी चष्मा पुसला. बघितलं. पुन्हा पुसला. शिडं पाहिली आणि मग त्यांचं बोट हळूहळू खाली सरकत गेलं, पाण्याबाहेर आलेल्या पोटावर.

"पोरी," ते म्हणाले, "हा पोटाचा बाक बघितलास? इथली फळी बसवताना तीन वेळा मोडली होती. मला वाटायचं, पाण्यात गेल्यावर माझं काम कुणाला दिसतंय! दिसतं की गं! चालताना दिसतं!" आणि ते लहान मुलासारखे रडले. बायको त्यांच्या खुर्चीपाशी खाली बसली आणि तीही रडायला लागली.

इथे मी गप्प बसायला हवं होतं. शहाणा माणूस बसला असता. पण सगळं कौतुक एकटीच्या पदरात पडताना बघवेना.

"बाबा," मी म्हणालो, "पण ती एवढी कलली कुणामुळे, ते विचारा ना!"

बायकोने डोळे मिटून घेतले.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग फोटोकडे पाहिलं. मग पुन्हा माझ्याकडे. मी, खरं सांगतो, श्वास रोखून उभा होतो.

"जावईबापू," शेवटी ते म्हणाले, "पहिला नंबर काय, दर वर्षी कुणाचा तरी येतोच. हे पोट चालताना मला कधीच दिसलं नसतं. जा, माफ केलं."

मी हुश्श केलं.

"पण गोदीतल्या लोकांसमोर," ते पुढे म्हणाले, "मी तुम्हाला ओळखत नाही."

मला वाटलं, थट्टा करतायत. गेल्या रविवारी गोदीतली पाच दांडगी माणसं फोटो बघायला आली. मीच दार उघडलं, मीच सगळ्यांना चहा दिला. त्यातल्या एकाने मला न्याहाळत विचारलं, "हे कोण?"

बाबांनी फोटोवरची नजर न काढता सांगितलं, "हे होय? शेजारी आहेत. साखर मागायला आलेत."

मग काय करता! वाटीभर साखर घेतली आणि निघालो.