आठवी लेन

आमच्या मजल्यावरचे दळवी काका दाराची बेल वाजवत नसत. दोन्ही तळवे एकाच वेळी दारावर आपटत. धप्प असा एकच आवाज यायचा आणि मागोमाग मालवणी सूर, "असस काय गो घरात?" पहिल्यांदा हे झालं तेव्हा माझ्या सासूबाईंना वाटलं, पोलीस आले.

काका पोहण्याच्या स्पर्धांत परीक्षक होते. ब्रेस्टस्ट्रोकमध्ये वळताना आणि शर्यत संपवताना भिंतीला दोन्ही हात एकदम लावावे लागतात. एक आधी आणि एक मागून लागला की पोहणारा बाद. ते बघायला प्रत्येक लेनच्या टोकाला पांढऱ्या कपड्यातला एक माणूस ओणवा उभा असतो. काका अर्धं आयुष्य तसे ओणवे उभे राहिले, आणि मालाडच्या आमच्या सोसायटीत आले तरी त्यांची ड्युटी काही संपत नसे. मी एका हाताने सोलकढीची वाटी पुढे केली की "बाद" म्हणून हात मागे घ्यायचे. लग्नात नवरा-नवरीने हार घातले की मागच्या रांगेतून "बरोबर" असं ऐकू यायचं.

त्यांचं दुसरं खूळ म्हणजे, डोळ्यांनी न बघितलेल्या गोष्टीवर एक अक्षर बोलायचं नाही. एकदा पार्किंगमध्ये सेक्रेटरींच्या गाडीला कुणीतरी स्कूटर घासली. काका दोन पावलांवर उभे होते.

"दळवी, तुम्ही तिथेच होतात ना?" सेक्रेटरींनी मीटिंगमध्ये विचारलं.

"होतंय. पण तेवढ्यात मी बुटाची नाडी बांधी होतंय."

"अहो, त्या स्कूटरला माझ्या गाडीचा रंग लागलाय."

"रंग बघलंय. लागताना नाय बघूक."



दोन वर्षांपूर्वी आपल्याकडच्याच एका तलावावर आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली. काकांनी मला पास दिला आणि मी हाफ डे टाकून गेले. पुरुषांची दोनशे मीटर ब्रेस्टस्ट्रोक होती. काकांच्या वाट्याला आठवी लेन आली होती, पण त्या लेनचा पोहणारा आजारी पडला म्हणून उतरलाच नाही. सात जणांनी सूर मारले. आठव्या लेनच्या टोकाला काका तरीही ताठ उभे होते.

ब्रेस्टस्ट्रोक मी पहिल्यांदाच एवढ्या जवळून बघत होते. डोकी वर येतात, श्वास घेतात आणि पुन्हा नाहीशी होतात. गॅलरीत आरडाओरडा चालला होता, तरी मला राहून राहून त्या खाली जाण्याचीच जाणीव होत होती. शंभर मीटरला सातही जण काकांच्या बाजूला येऊन वळले. ते निघून गेल्यावर काका खाली वाकले. गुडघ्यांवर हात ठेवून रिकाम्या लेनच्या भिंतीकडे त्यांनी नीट बघितलं, मग मान हलवली. मला हसू आलं. सवय जात नाही म्हातारबुवांची, असं वाटलं.

शर्यत संपली. सातही जणांच्या वेळा फलकावर आल्या. पोहणारे दोऱ्यांना धरून धापा टाकत होते. तेव्हा काका पुन्हा वाकले, आणि फलकावर आठव्या लेनसमोर आकडे उमटले.

गॅलरीत हशा पिकला. लाटेमुळे भिंतीवरची, हात लागताच वेळ नोंदवणारी टचपॅड दाबली गेली, असं माईकवरून सांगितलं. असेलही. पण मी तेव्हा त्याच लेनकडे बघत होते. तिथलं पाणी सपाट होतं. 

मी खाली उतरून गेले तेव्हा मुख्य पंच काकांनी भरलेली निकालाची चिठ्ठी बघत होते. तिच्यावर लिहिलं होतं: लेन आठ, वळण बरोबर, शेवट बरोबर.

"दळवी, लेन रिकामी होती."

"मी बघलंय."

"काय बघितलंत?"

"हात. दोनूय एकदम लागले."

समोरच्या टोकाच्या परीक्षकाला विचारलं, तर तो म्हणाला, "रिकामी लेन कोण बघत बसतं, सर?" चिठ्ठी फाडा, विषय संपवू, असं पंच चांगुलपणाने म्हणाले. काकांनी ती घडी घालून खिशात टाकली. दुसऱ्या दिवसापासून परीक्षकांच्या यादीत त्यांचं नाव नव्हतं.

पंधराएक दिवसांनी, रविवारी सकाळी माझी बेल वाजली. दारात काका. त्यांनी चक्क एका बोटाने बेल वाजवली होती, म्हणून मी घाबरलेच.

"मुलुंडाक येशील माझ्यावांगडा?" एवढंच म्हणाले.

रिक्षात बसल्यावर त्यांनी सांगितलं. बऱ्याच वर्षांपूर्वी राज्याच्या स्पर्धेत निनाद नावाचा एक तरुण ब्रेस्टस्ट्रोकमध्ये पहिला आला होता. तो निकाल टिकला असता तर अशाच एका आंतरराष्ट्रीय स्पर्धेला जाणार होता. पण काकांनी बाद करायला हात वर केला, त्याचा डावा हात भिंतीला उशिरा लागला म्हणून. तो बाद झाला. भांडला नाही, काकांकडे बघून निघून गेला. त्याच पावसाळ्यात डेंग्यूने वारला.

"नियम तो नियम, काका," मी म्हटलं.

"नियम नाय गो." ते रस्त्याकडे बघत होते. "पाणी उडालेला. माका काय्येक दिसूक नाय. अंदाजान हात वर केलंय."

 मी विचारलं, "मग त्या दिवशी आठव्या लेनमध्ये कोण होतं?"

"तोंड नाय बघूक," काका म्हणाले. "हात बघले."

मुलुंडला निनादची आई एकटीच राहत होती. काकांना तिने ओळखलं नाही. त्यांनी उभ्यानेच सगळं सांगितलं, न बघता वर केलेल्या हातापासून आठव्या लेनपर्यंत. मग चिठ्ठी तिच्यासमोर ठेवली. आता ही बाई आम्हाला घराबाहेर काढणार, असं मला वाटलं. तिने चष्मा लावून चिठ्ठी दोनदा वाचली.

"किती वेळ लागला?" तिने विचारलं.

काकांनी फलकावरची वेळ सांगितली, शेवटच्या आकड्यापर्यंत.

"त्याला इतका कधी लागायचा नाही," ती म्हणाली. "दमला असेल."

"होय," काका हळूच म्हणाले. "तो काठाक धरून वायच थांबलेलो. मगे तो गेलो."

तिने खुर्ची पुढे ओढली आणि काकांना बसायला सांगितलं.