दयानंदरावांची शिडाची होडी

निवृत्त लाइनमन दयानंदरावांनी मोबाइलवर बघून बघून शिडाची होडी बांधली, तेव्हा गावानं नाकं मुरडली. त्यांच्या बायकोचं, साखराबाईंचं माहेर धरणाच्या पलीकडच्या काठाला. पण बाई पाण्याला अशा भ्यायच्या की एवढा मोठा वळसा घालून बसनं जायच्या. एकदा रागाच्या भरात मात्र त्या बोलून गेल्या, "शीड नीट उभं करून दाखवा, पहिली मी बसते!" सगळ्या आळीनं ऐकलं. बायको एकदा होडीत बसावी, दयानंदरावांना तरी दुसरं काय हवं होतं?

सकाळी गाव काठावर जमलं. काठावरच्या बाभळीखाली उभ्या होडीवर शीड चढलं आणि पिळून टाकलेल्या लुगड्यागत त्याला सुरकुत्या पडल्या.

"पप्पा, बाजूच्या तारा लई कसल्या तुमी," लेक आरती मोबाइलमध्ये बघत म्हणाली. "ढिल्या करा."

"ढिल्या? भोकर ते मुदखेड खांब उभे केले म्या. एक बी कलला न्हाई!"

पण सुरकुत्या काही हटेनात. शेवटी चरफडत त्यांनी तारा सैल केल्या, तर डोलकाठी पुढं झुकली आणि शिडाला पोट सुटलं.

"आता मागून ताण द्या. काठी जराशी मागं वाकली पायजे."

"ताण द्यायचं मला शिकवून राहिली व्हय!"

डोलकाठीच्या शेंड्याचा दोर हातात आला, जन्माच्या सवयीनं हात चालले, गाठ बसली. काठी हवी तेवढीच वाकली आणि शीड असं झकास भरलं की लोकांनी टाळ्या वाजवल्या. साखराबाईंनी होडीकडं पाहिलं, मागं पाहिलं, पदर खोचला आणि आत जाऊन बसल्या. दयानंदरावांचा ऊर भरून आला.

ते बसले, होडी निघाली. जराशी गेली, गचकन अडली, कलली आणि गोल फिरून काठालाच येऊन लागली. पुन्हा ढकलली, पुन्हा तेच.

"वारं पडून राहिलंय," दयानंदराव घाम पुसत म्हणाले.

"वाऱ्याला कशाला बोल लावता?" शेजारचे रेवणप्पा हसून हसून खाली बसले. "खांबाचा ताण जमिनीत गाडत्यात, दयानंदराव, होडीचा होडीतच बांधत्यात! तुमी तर बाभळीला बांधलाव!"

दयानंदरावांचं तोंड एवढंसं झालं. "कुणाला दिसलं कसं न्हाई?"

"मला दिसलं की," साखराबाई म्हणाल्या. "म्हणून तर बसले."

दयानंदराव खाली उतरले. गाठीला हात घालून म्हणाले, "सोडू का गं?"

साखराबाईंनी माहेरच्या काठाकडं डोळे भरून पाहिलं.

"लांब करा जरा," त्या म्हणाल्या. "पर बाभळीपासून सोडू नका."

दोर लांब केला, तसं शिडाला पुन्हा पोट सुटलं. दयानंदरावांनी तिकडं बघितलंसुद्धा नाही.