राखणदाराची परवानगी

घोडपदेवहून रविवारी निघालेल्या सहलीत धबधबे घरच्यांसाठी होते आणि गुहा आकांक्षासाठी. भूशास्त्राचा तिचा प्रकल्प त्या गुहेपाशी अडला होता. लाव्हा वाहून गेल्यावर मागे राहिलेल्या त्या पोकळीची मापं आणि फोटो सोमवारी द्यायचे होते. "फोटोत माणूस दिसला की प्रकल्प बाद," असा उन्मेष सरांचा दम होता. तरी बाबांनी, म्हणजे राजेशने, दिसेल त्या धबधब्याला गाडी थांबवली, आणि गुहेपाशी पोचेपर्यंत दुपार झाली.

तिथे लवूआजोबा अडले. तीस वर्षं गिरणीत काढली, पण परक्या जागेत तिथल्या राखणदार देवाला विचारल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही, हा कोकणातला कायदा काही सुटला नव्हता.

"आजोबा, हा नुसता लाव्हा आहे हो!"

"असांदे. जागेक धनी असताच."

पिशवीतून नारळ निघाला, काळ्या दगडापुढे बसला. आजोबांनी गाऱ्हाणं घालायला आवाज चढवला, "बा देवा म्हाराजा, माझ्या नातीचा काम पार पाड रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" राजेश सवयीने ओरडला. त्याच्यामागून आणखी चाळीस गळे ओरडले. धबधब्यावरून लालबागची एक अख्खी बस येऊन उभी होती. आता बोला!

पटापट चपला निघाल्या. लालबागच्या माणसांना रांग लावायला शिकवावं लागत नाही. ओढणीची दोरी झाली, पुरुष इकडे, बायका तिकडे. शेवंतीताई नावाच्या बाई कोणी न नेमता स्वयंसेवक झाल्या. आकांक्षा टेप काढून वाकली, तोच त्यांनी तिचा दंड धरला.

"ताई, पुढे चला! फोटो नको, मागे लोक खोळंबलेत!"

दहा सेकंदांत ती गुहेच्या दुसऱ्या तोंडातून बाहेर. पुन्हा रांग, पुन्हा बाहेर. तिसऱ्या खेपेला तिचा तोल सुटला.

"अहो, इथे देव नाहीये!"

"मग गाऱ्हाणं काय हवेला घातलं?" शेवंतीताई कडाडल्या.

आकांक्षाच्या डोळ्यांत पाणी आलं. वर्षभराची मेहनत, आणि ती बुडवली कोणी, तर सख्ख्या आजोबांनी! ते पाणी पाहून म्हातारा कळवळला. दगडापाशी जाऊन त्याने पुन्हा हात जोडले.

"बा देवा म्हाराजा! जमलेली सगळी लेकरां भुकेली आसत. ती आत्ताच्या आत्ता जेवूक जावंदेत रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" सगळे गरजले. आता होय म्हटल्यावर मोडणार कोण? शेवंतीताईंनीच सगळ्यांना बसकडे हाकललं.

सोमवारी उन्मेष सर फोटो निरखत राहिले. "रविवारी, आणि गुहा रिकामी? कशी काय?"

आकांक्षाने भीत भीत सगळं सांगितलं. सर उठले, केबिनचं दार लावून आले आणि खुर्ची जवळ ओढून हळूच म्हणाले,

"आजोबा एकदा इकडे येतील का गं? माझ्या बढतीची फाईल तीन वर्षं हललेली नाही."