मागचा दांडा

बायकोने गाडी विकायची ठरवली, त्याला कारण वळणं होती. नवऱ्याने हौसेने स्प्रिंगा बदलून गाडी इतकी खाली बसवली होती की तिच्याखालून मांजरसुद्धा जाईना. तरी वळण आलं की ती कलायची आणि बायको दारावर आपटायची. शेवटी तिने आपल्या भावाला सांगितलं, "दादा, संध्याकाळी ये आणि हे धूड घेऊन जा एकदाचं."

नवऱ्याचा जीव त्या धुडात होता. त्याने गुपचूप एक दांडा मागवून ठेवला होता. हा दांडा मागच्या दोन चाकांना जोडला की गाडी वळणावर कलत नाही, असं त्याने ऐकलं होतं. मेव्हणा यायच्या आत दांडा बसवायचा, बायकोला एक चक्कर मारून आणायची आणि सौदा मोडायचा, असा त्याचा बेत होता.

पहिली पंचाईत अशी की जॅक गाडीखाली शिरेना. मग त्याने जाड फळ्या मांडल्या, त्यांवर मागची चाकं चढवली, जॅक सारला आणि गाडी उचलली. दांडा मात्र झकास बसला. स्वारी खूश होऊन खालूनच ओरडली, "अगं, जरा इकडे ये! शेवटचे बोल्ट गाडीचं वजन चाकांवर असताना आवळायचे असतात. जॅक सोड हळूहळू, गाडी फळ्यांवर येऊ दे."

"बरं," बायको म्हणाली आणि तिने जॅक सोडला.

गाडी खाली आली. आणखी खाली आली. नवऱ्याच्या पोटावर येऊन थांबली.

"अगं, फळ्या कुठायत?"

"त्या होय? मघाशीच उचलून ठेवल्या. केवढा पसारा घातला होतात!"

"अगं बाई, त्या चाकांखालच्या होत्या!"

"मला काय स्वप्न पडलं होतं? मग गाडी पुढे घेऊ का? किल्ली कुठाय?"

"माझ्या खिशात."

"आणि खिसा?"

"माझ्याखाली."

गाडी बसताना जॅक बाजूला निसटला होता, तो पुन्हा आत जाईना. बायको आता खरंच घाबरली. "अहो, दुखतंय का? श्वास घेता येतोय ना?" असं विचारता विचारता तिचा आवाज रडवेला झाला. तेवढ्यात वरच्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर खाली आले आणि वाकून पाहू लागले.

"जिवंत आहे का?"

"बडबड चालू आहे," बायको नाक पुसत म्हणाली.

"मग बोल्ट आवळून घे म्हणावं. एवीतेवी आत आहेच."

नवऱ्याने दात-ओठ खात बोल्ट आवळले. दुसरं करण्यासारखं काही नव्हतंच. अशा वेळी मेव्हणा आला. गाडीखालून बाहेर आलेले दोन पाय बघून त्याने कपाळाला हात लावला. "भावजी, गाडी द्यायची नव्हती तर तसं सांगायचं ना! असं आडवं कशाला पडायचं?"

मग मास्तर आणि आणखी चार शेजाऱ्यांनी मिळून गाडीची मागची बाजू उचलली आणि मेव्हण्याने पाय धरून भावजींना खेचून काढलं. ग्रीस लागल्यामुळे ते सरकन आले. बायकोने त्यांना आधी जवळ घेतलं, मग साडीला डाग पडलेला बघून लांब ढकललं आणि त्यांच्या खिशातून किल्ली काढली.

"चल रे दादा, गाडी दाखवते तुला. तुम्ही आधी आंघोळ करा."

नवऱ्याची आंघोळ झाली, चहा झाला, तरी दोघांचा पत्ता नव्हता. सौदा पक्का झाला, या धसक्याने त्याला दुसरा चहा गोड लागेना. अखेर गाडी झोकात वळून दारात थांबली. मेव्हण्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. बायकोचा मात्र लाल झाला होता.

"अहो, काय वळते हो! जराशी कलेल तर शपथ! टेकडीचा रस्ता मी दोनदा केला. ही गाडी विकायची नाही."

नवऱ्याला गगन ठेंगणं झालं. "मी म्हणत नव्हतो? आता उद्या सकाळी ऑफिसला जाताना—"

"उद्यापासून ऑफिसला मी नेणार ही," बायको किल्ली पर्समध्ये टाकत म्हणाली. "तुमच्यासाठी दादाची स्कूटर ठरवलीय. आणि हे बघा, तिला कसले दांडेबिंडे बसवायला जाऊ नका. वळणावर ती कललीच पाहिजे."